तीस दातांचा काठ

मी एक जुनी वही आहे. जुनी म्हणजे किती, तर सव्वा वर्षाची. हसू नका, मित्रांनो. माणसांचं सव्वा वर्षाचं पोर नुकतं पाऊल टाकायला शिकतं, आणि आमच्यात सव्वा वर्षाची वही म्हातारी होऊन तांब्याखाली जाते. मी सध्या तिथेच आहे. नागपूरला, बेसा भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये लकवा मारलेल्या एका म्हाताऱ्याची खाट आहे. त्या खाटेशेजारच्या स्टुलावर मी पडलेली असते आणि माझ्या डोक्यावर पाण्याचा तांब्या असतो. तांब्याच्या ओल्या बुडाने माझ्या कव्हरवर गोल डाग पडला आहे. त्या डागाचं मला काही वाटत नाही. ज्याचं वाटतं ते सांगायला बसले आहे, आणि ते ऐकायला गोड नाही.

माझ्या पानांवर रेघा नाहीत, चौकटी नाहीत, नुसते ठिपके आहेत. कागद असा जाड की रंग मागच्या पानावर फुटत नाही. शिवण दोऱ्याची, वाचनखूण रेशमी. सीताबर्डीच्या एका दुकानात मी काचेच्या कपाटात बसायची आणि खालच्या फळीवरच्या गणिताच्या वह्यांकडे पाहून नाक मुरडायची. त्यांच्यात बेरजा-वजाबाक्या होणार, माझ्यात कला होणार, असा माझा तोरा होता. आता तो आठवला की मलाच माझी कीव येते.

डिसेंबरच्या शेवटी ऋतुजाने मला घेतलं. बावीस वर्षांची पोरगी, कॉलेज झालेलं, घरी बसून लोकांच्या लग्नपत्रिका आणि दुकानांचे फलक कॉम्प्युटरवर बनवून द्यायची. पण तिचा सगळा जीव माझ्यात. तिने माझं बुलेट जर्नल केलं. म्हणजे असं, की दर महिन्याला एक थीम ठरवायची, पहिल्या पानावर महिन्याचं नाव सजवायचं, मग त्याच थीममध्ये दिवसांचे चौकोन काढायचे. कोणत्या दिवशी काय करायचं ते लिहायचं आणि झालं की रंगवायचं. किती पाणी प्यालो, किती झोपलो, मन कसं होतं, सगळ्याला चौकोन. एक तारखेला नव्या थीमचं रील टाकायचं. जानेवारीत तिने माझ्यावर पतंग काढले, आणि अडीचशे लोकांनी तोंड भरून कौतुक केलं. तेव्हाच माझ्या डोक्यात हवा गेली.

आता घरातली माणसं सांगते, थोडीच आहेत. ऋतुजाचे वडील श्रावण खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला, त्यांच्या पाळ्या चालायच्या, त्यामुळे घरात असले तरी झोपलेले असायचे. आई अनुसया आठ वाजता नोकरीला निघायची आणि सहाला यायची. आजोबा देवाजी, वय अठ्ठ्याहत्तर. उमरेडला चाळीस वर्षं हातमागावर बसून लुगडी विणली, माग मोडल्यावर लेकाने इथे आणलं. त्यांना ऋतुजा आबाजी म्हणायची. आणि त्यांचं करायला सकाळी नऊ ते पाच येणाऱ्या सिंधूताई. आंघोळ, जेवण, फिरवणं, सगळं त्यांच्याकडे.

आबाजींना रक्तदाबाची एक गोळी असायची, सकाळी दहाला, नाश्त्यावर. ती चुकली की दाब चढायचा, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. जानेवारीत उलटंच झालं. ऋतुजाने गोळी दिली, सिंधूताईंना ते माहीत नव्हतं, त्यांनीही दिली. आबाजी न्हाणीत चक्कर येऊन पडले आणि कपाळाला तीन टाके पडले. तेव्हा ऋतुजा म्हणाली, मी माझ्या वहीत ट्रॅकर करते. फेब्रुवारीची थीम संत्र्यांची होती. तिने तीन संत्री सोलून काढली, मिळून अठ्ठावीस फोडी, एका दिवसाला एक फोड. घराने नियम केला: ज्याने गोळी दिली त्याने फोड रंगवायची, आणि फोड रंगलेली दिसली की पाकिटाला हात लावायचा नाही. त्या दिवसापासून एका म्हाताऱ्याचा जीव माझ्या पानावर आला. मी खूश झाले. मला वाटलं, आपण घरातल्या कर्त्या झालो.

मार्चमध्ये पळसाची फुलं होती. एकतीस पाकळ्या, केशरी. सिंधूताईंनी गोळी दिली की त्या आपल्या निळ्या बॉलपेनने पाकळी गिरगटून ठेवायच्या. कधी रेघेच्या बाहेर जायचं. ऋतुजाच्या नाकावर राग.

"काकू, सगळी फ्रेम खराब केली तुम्ही. केशरी पेन ठेवला होता ना इथे."

"तो ब्रशवाला पेन माह्या हातानं दबते वं, मऊ आहे," सिंधूताई म्हणाल्या. "गोळी देली तं देली म्हणून लिहिलं. निळं का अन् केशरी का."

खरं सांगू? मीही तेव्हा ऋतुजाच्याच बाजूने होते. पळसात निळ्या पाकळ्या कशा दिसतात, तुम्हीच सांगा. आज मला त्या अकरा निळ्या पाकळ्या माझ्या सगळ्या पानांत सुंदर वाटतात, कारण त्यातल्या प्रत्येकीमागे एक गोळी खरोखर पोटात गेली होती.

मग एप्रिल आला. रंग विकणाऱ्या एका कंपनीने महिन्याच्या सर्वांत छान पानाची स्पर्धा लावली होती. ऋतुजा थीम शोधत होती आणि मी टेबलावर उघडी पडले होते. आबाजी काठी टेकत आले, वाकून माझे ठिपके पाहू लागले.

"हे ठिपके कोणं टाकले वं बाई? आमच्या नक्षीच्या कागदावानी दिसते."

मग त्यांनी पेन्सिल मागितली. हात थरथरत होता, पण ठिपक्यावर टेकला की स्थिर व्हायचा. करवतीचा काठ असतो ना लुगड्याला, दात्या-दात्यांचा, तो त्यांनी माझ्या पानाच्या चारही बाजूंनी काढायला घेतला. तीन ठिपके वर, तीन खाली, एक दात. ऋतुजाला म्हणाले, "मोजून घाल. एक दात चुकला तं सारा काठ वाकडा होते, अन् पोरीवाले पहिले काठच पाह्यतेत." दुपारभर दोघं बसले. एप्रिलचे दिवस तीस, दातही तीस. प्रत्येक दातात तारखेचा बारीक आकडा. एक दात, एक गोळी. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली दुपार. तिच्यातूनच सगळं वाईट निघालं, म्हणून ती आठवायलाही जिवावर येतं.

रंग भरायचा होता फिक्या पिवळ्यापासून गर्द लालपर्यंत, हळूहळू चढत जाणारा. असा रंग रोज एक दात करून भरता येत नाही. मधे वाळला की कडा दिसते. तो ओल्यात ओला, एका बैठकीत भरावा लागतो. ऋतुजाने एक तारखेलाच तीसही दात भरून टाकले. फोटो काढला, स्पर्धेला पाठवला. आता गोळीचं काय? तिने युक्ती काढली. दोनपासून तीसपर्यंतच्या दातांवर पांढरी चिकटपट्टी लावली, जिचा गोंद हलका असतो आणि कागद फाटत नाही. रोज एक दात उघडायचा. पाहणाऱ्याला वाटणार, आज रंगवला.

पट्टीखाली काय आहे हे घरात कुणालाच सांगितलं नाही. सिंधूताईंना तिने एवढंच बजावलं, "काकू, या महिन्यात तुम्ही वहीला हात लावू नका. गोळी पण मीच देईन."

"दे बाप्पा, तूच दे," सिंधूताई म्हणाल्या. त्यांनी हात जोडले.

नऊ दिवस तिने गोळी दिली. पट्टी सरकवायची, फोटो टाकायचा, मग पाणी घेऊन आबाजींच्या खोलीत जायचं. गोळी द्यायला वेळ लागायचा. म्हातारा माणूस, हात धरून बसवायचा, उमरेडचं काही काढायचा, अर्धा तास कुठेच गेला नाही. नऊ तारखेला संध्याकाळी निरोप आला की तिचं पान शेवटच्या पाचांत आहे आणि अठरापर्यंत मे महिन्याची थीम पाठवायची आहे. झालं. दहा तारखेला तिने सकाळी पट्टी सरकवली, कारण ते तिला आवडायचं. दात उघडला, लाल रंग दिसला, आणि काम झाल्यासारखं तिला वाटलं. पाणी घेऊन जायचं राहून गेलं. रिकामा चौकोन निदान टोचत तरी राहतो. माझ्यात रिकामं काही उरलंच नव्हतं.

अकराला तेच. बाराला तेच. बाहेर ऊन चव्वेचाळीसवर गेलेलं, कूलर घरघरत होता, आणि माझ्या काठाचे दात एकेक करून उघडत होते. सगळे भरलेले, सगळे खोटे.

बाराला संध्याकाळी आबाजींनी सुनेला हाक मारली.

"सूनबाई, मले गोळी नाही भेटून राहिली. तीन दिवस झाले."

अनुसयाने ऋतुजाकडे पाहिलं. ऋतुजाने एक क्षण, फक्त एक क्षण, तोंड उघडलं. मी तिच्या हातात होते, मला तिच्या बोटांचा घाम लागला. तेवढ्यात ती म्हणाली, "काहीतरीच काय आबाजी. हे पाहा ना," आणि मला उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "दहावा, अकरावा, बारावा. रंगले की नाही?"

आबाजींनी चष्मा लावला. बोटाने दात मोजले. स्वतःच घातलेले दात. "हाव," ते म्हणाले, "रंगले तं आहेत."

"मामाजी, तुम्ही विसरून राहिले," अनुसया म्हणाली. तिच्या बोलण्यात प्रेमच होतं, म्हणून तर ते जास्त लागलं. "पोरगी रोज देऊन राहिली तुम्हाले. आता वय झालं, होते असं."

ज्या माणसाने चाळीस वर्षं हजार-हजार धाग्यांचा ताणा मोजला आणि एकही धागा चुकवला नाही, त्याला त्या दिवशी घराने पटवून दिलं की तुला एक गोळी मोजता येत नाही. साक्षीदार कोण, तर मी. मला वाटलं, पान फाटून जावं, शाई उडून जावी. पण कागद जाड होता. काही झालं नाही.

आबाजी आपल्या खाटेवर गेले. त्यांनी आपल्या दुपट्ट्याची एक दशी ओढून काढली आणि तिला तीन गाठी मारल्या. मागावर असताना वीतभर विणलं की धाग्याला गाठ मारायची, ही त्यांची मोजायची रीत. रोज सकाळी अकरा वाजले, गोळी आली नाही, की एक गाठ. धागा उशीखाली. दुसऱ्याला दाखवायला नव्हता तो. स्वतःला वेड लागलं नाही, एवढं स्वतःला कळावं म्हणून होता.

ऋतुजाला तेरा तारखेला आठवलं असेल ना, असं तुम्ही म्हणाल. आठवलं. पाकीट हातात घेऊन ती उभी राहिली होती, हे मी पाहिलं आहे. पण आता गोळी द्यायला गेली तर आबाजी म्हणणार, आज देली ना, काल काहून नाही? आणि मग आईला ते कळणार. तिने पाकीट परत ठेवलं. म्हणाली, "उद्यापासून नीट देते." ही चूक नव्हती, मित्रांनो. इथपर्यंत चूक म्हणू, इथून पुढे मी चूक म्हणणार नाही.

सतराला सिंधूताईंनी पाकीट पाहिलं. "हे पाकीट हललंच नाही वं ऋतुजा. आठ दिवस झाले, तसंच्या तसं."

"दुसरं आहे काकू, त्यातून देते."

दुसरं नव्हतं.

अठराला सकाळी नऊ वाजता सिंधूताई आल्या तेव्हा आबाजींच्या हातातून कप सुटलेला होता. उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न चालला होता, पण नुसता आवाज येत होता. श्रावणभाऊ पाळीवरून येऊन झोपले होते, ते धावत उठले. अनुसयाला फोन गेला. गाडी आली. सिंधूताई आणि श्रावणभाऊ गाडीतून गेले. "मी कागदं घेऊन मागून येते," असं म्हणून ऋतुजा मागे राहिली.

घरात ती होती आणि मी होते. तिने पाकीट काढलं. जास्तीच्या आठ गोळ्या होत्या. वॉशबेसिनपाशी उभं राहून तिने एकेक गोळी अंगठ्याने दाबून बाहेर काढली. पन्नी फुटल्याचा आवाज आठ वेळा झाला. मग नळ सोडला. मग अठराच्या दातावरची पट्टी, जी सकाळीच सरकवली होती, ती परत त्या दातावर दाबून बसवली, कारण त्या दिवशीच्या गोळीची वेळ अजून झालीच नव्हती, मला पिशवीत घातलं आणि दवाखान्यात गेली.

तिथे डॉक्टरांनी विचारलं, गोळी नियमित चालू होती का. अनुसयाने पिशवीतून मला काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "रोज, डॉक्टर. हे पाहा. माझी मुलगी लिहून ठेवते." डॉक्टरांनी पान पाहिलं, काठ पाहिला, तारखा पाहिल्या. म्हणाले, "इतकं व्यवस्थित कुणी ठेवत नाही हो." माझी आजवरची सर्वांत मोठी शाबासकी ती.

सिंधूताई बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पण पाकीट तं भरलं होतं काल. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं." ऋतुजाने पाकीट पुढे केलं. आठ खळगे रिकामे. सिंधूताईंनी मग कमरेची पिशवी सोडून दशी काढली, आबाजींना उचलताना उशीखाली सापडलेली. "हे आबाजींनं मोजलं, मागावर मोजत तसं. आठ गाठी आहेत."

अनुसयाने ती दशी हातात घेतली, आणि मला वाटलं, आता कळेल. तिने गाठी पाहिल्या, मला पाहिलं. दशी चिंधीसारखी होती, मी सुंदर होते. तिने दशी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"तुम्हीच भरवलं त्यांच्या डोक्यात," ती सिंधूताईंना म्हणाली. "म्हणूनच ते गोळी नाही भेटली, गोळी नाही भेटली म्हणत होते. पोरीवर राग होता तुमचा त्या पेनावरून. उद्यापासून येऊ नका."

सिंधूताईंनी ऋतुजाकडे पाहिलं. ऋतुजा फोन पाहत होती. "सांग ना वं माय," सिंधूताई हळूच म्हणाल्या, "एवढंच तं सांगायचं आहे." ऋतुजाचा अंगठा फोनवर सरकत राहिला. त्या बाईने पदर खोचला आणि ती जिना उतरून गेली. आमच्या इमारतीत पाचनंतर आणखी दोन घरी ती जायची, तीही घरं तिला आठवड्यात सुटली. म्हाताऱ्याची गोळी चुकवणारी बाई म्हणून.

स्पर्धा ऋतुजाने जिंकली. अठ्ठेचाळीस ब्रशपेनांचा डबा आला. मे महिन्याची थीम तिने बदलली आणि "आबाजी, लवकर बरे व्हा" अशी ठेवली, कमळं काढली, व्यायामाचे चौकोन केले. लोकांनी लिहिलं, नात असावी तर अशी. मग जूनपासून तिने नवी वही घेतली, निळ्या कव्हराची, आणि माझी पानं अर्धी कोरी राहिली. मला काही दुःख नाही. नव्या वहीची मात्र मला भीती वाटते.

एक राहिलं. नवी वही घेण्याआधी तिने कटरने माझं एप्रिलचं पान कापून घेतलं. पट्टी पूर्ण काढली, तीसही दात उघडे केले, आणि उरलेले नंतर रंगवले, असं आईला सांगितलं. अनुसयाचीच कल्पना होती ती. मामाजींनी काढलेली शेवटची नक्षी, म्हणून काचेत बसवून आणली आणि त्यांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर लावली, त्यांना पडल्या पडल्या दिसावी म्हणून. मी स्टुलावर, तांब्याखाली, तिथून सगळं पाहते.

आबाजींना बोलता येत नाही. डावा हात तेवढा हलतो. सकाळी ऊन भिंतीवर आलं की त्यांचं डावं बोट हवेत दात मोजतं. नवव्या दातापर्यंत नीट जातं. मग थांबतं. मग खाटेच्या पट्टीवर टकटक करतं, आठ वेळा. पुन्हा पहिल्यापासून. घराला वाटतं, जुनी नक्षी आठवते. ऋतुजाने त्याचं रील केलं, मागे बासरी लावली. ते तिचं सर्वांत जास्त पाहिलं गेलेलं रील आहे. टकटक सुरू झाली की मात्र ती कानात हेडफोन घालते आणि खोलीचं दार ओढून घेते.

हल्ली आबाजी मान वळवून दुसऱ्या भिंतीकडे तोंड करतात. अनुसया येते, उशी सारखी करते, आणि मायेने त्यांचं तोंड परत त्या काठाकडे वळवते.

मित्रांनो, आमच्यात शेवटी सांगायची रीत आहे की वह्यांना जपा, पानं फाडू नका. मी तसं म्हणणार नाही. मला फाडा, माझ्यावर चहा सांडा, निळ्या बॉलपेनने गिरगटा. पण आधी काम करा आणि मग चौकोन रंगवा. आणि घरातला म्हातारा म्हणाला की मला मिळालं नाही, तर त्याच्यापुढे वही उघडू नका, आधी पाकीट उघडून पाहा.

आणि तुमच्यापैकी कुणी कधी त्या घरी पाहुणा गेला, तर पाणी पिता पिता एवढं करा. समोरच्या भिंतीवरची ती फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवा. मला हात नाहीत, आणि आबाजींचा तिथवर पोहोचत नाही.